खिडकीवरचा कारकून

संगणक हा मुळातच उद्धट असतो, असं आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचं मत होऊन बसलं आहे. ही पिढी नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला गेलेली. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत कुडकुडत बसायचं आणि समोरच्या काळ्या पडद्याकडे बघायचं. पडद्यावर काय? तर एक सी, एक कोलन, एक उलटी तिरकी रेघ आणि एक बाणाचं टोक. त्यापुढे लुकलुकणारी छोटी आडवी रेघ. तिथे काहीतरी लिहून एंटर दाबलं की यंत्र एक तर चकार शब्द काढायचं नाही, किंवा म्हणायचं, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. आज्ञा वाईट की नाव वाईट, नक्की कोणतं अक्षर वाईट, काही खुलासा नाही. नुसतं ‘बॅड’. घरी वडिलांकडून ऐकायचं तेच फी भरून इंग्रजीत ऐकायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात संगणकाचा काही दोष नव्हता. डॉसचाही नव्हता. दोष होता तो खिडकीवर बसलेल्या कारकुनाचा.

डॉस म्हणजे खरं तर आत केबिनमध्ये बसलेले साहेब. डिस्कवर कुठे काय ठेवलं आहे, कोणत्या कार्यक्रमाला किती जागा द्यायची, कळफलकावरून आलेलं अक्षर कुणाला पोचवायचं, ही कामं साहेबांची. त्यांच्या दोन फाइली, आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस, डिस्कवर चक्क लपवलेल्या असत. साहेब सहसा दिसत नाहीत ते इथेही. आपली गाठ पडे ती बाहेरच्या खिडकीवरच्या माणसाशी. त्याचं नाव कमांड.कॉम. आपण लिहिलेली ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा, आत निरोप द्यायचा आणि आलेलं उत्तर पडद्यावर टाकायचं, एवढीच त्याची नेमणूक. एमएस-डॉस ६.२२ मध्ये हा सगळा माणूस ५४,६४५ बाइटांत मावत असे. आजच्या मोबाइलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाला याहून जास्त जागा लागते. पण आपण सगळे त्यालाच कचेरी समजत होतो. त्याचा स्वभाव तो संगणकाचा स्वभाव, अशी आपली समजूत.

त्याचा स्वभावही सांगण्यासारखा होता. सुरुवातीच्या यंत्रांत जागेची इतकी ओढाताण की हा कारकून स्वतःचे दोन भाग करून बसे. एक भाग खिडकीवर कायम. दुसरा भाग तुमच्या मोठ्या कार्यक्रमाला जागा हवी असली की मुकाट्याने उठून जाई. कार्यक्रम संपला की त्या दुसऱ्या भागाला डिस्कवरून परत बोलवावं लागे. तोवर तुम्ही फ्लॉपी बदललेली असली तर पडद्यावर विनंती येई, की कमांड.कॉम असलेली डिस्क ए ड्राइव्हमध्ये घाला आणि कोणतीही कळ दाबा. म्हणजे कारकुनाचा कमरेखालचा भाग आपणच घरून आणून द्यायचा. ‘कोणतीही’ नावाची कळ शोधणारी माणसं त्या काळात खरोखर होती. त्यांना हसणाऱ्यांत मी नव्हतो, कारण मलाही क्षणभर तोच प्रश्न पडला होता.

शिवाय त्याला स्मरण असं जवळपास नव्हतंच. आत्ताच काय लिहिलं होतंत, एवढी एक ओळ त्याच्या ध्यानात राही. एफ-थ्री दाबली की ती ओळ परत येई, एफ-वन दाबली की एकेक अक्षर करून येई. त्याआधीची ओळ विचारली तर कोरा चेहरा. वर एखादी फाइल ‘कॉपी’ कर म्हणालात आणि त्या नावाची फाइल आधीच असली, तर तिच्यावरून नांगर फिरवायला त्याला विचारावंसं वाटत नसे. ‘अहो, इथे आधीच काहीतरी आहे’ एवढं म्हणायला त्याला १९९३ साल उजाडावं लागलं; एमएस-डॉस ६.२ मध्ये ती सुधारणा झाली. तोपर्यंत किती सोसायट्यांचे ताळेबंद एकमेकांच्या अंगावर पडून गेले असतील, देव जाणे.

आणि आता खरी गंमत. हा कारकून बदलता येत असे. साहेबांनी तशी सोय स्वतःच करून ठेवली होती. कॉन्फिग.सिस नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ‘शेल’ असं लिहून, बरोबरचं चिन्ह काढून, पुढे ज्याला बसवायचं त्याचा पत्ता द्यायचा. बस्स. पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं की साहेब तेच, केबिन तीच, फाइलींची कपाटं तीच. खिडकीवर मात्र नवा माणूस. सरकारी खात्यात एक बदली व्हायला किती सह्या लागतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या एका ओळीचं मोल कळेल.

त्या खिडकीवर बसायला आलेल्यांत सगळ्यांत तरबेज उमेदवार म्हणजे फोरडॉस. रेक्स कॉन आणि टॉम रॉसन या दोघांच्या जेपी सॉफ्टवेअर नावाच्या लहानशा अमेरिकन कंपनीनं तो १९८९ मध्ये बाहेर आणला. विकण्याची पद्धत शेअरवेअरची: आधी घेऊन जा, वापरा, मित्रांना प्रती द्या, आवडला तर पैसे पाठवा. आपल्याकडे यातल्या पहिल्या तीन कलमांचं मनापासून पालन झालं. चौथ्यासाठी डॉलरचा ड्राफ्ट काढायचा म्हणजे बँकेत परकीय चलनाचा अर्ज भरायचा, आणि ‘प्रयोजन’ या रकान्यात ‘कारकून बदलणे’ असं लिहिण्याची हिंमत फार थोड्या लोकांत होती.

युनिक्सवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. त्यांच्याकडे ही खुर्ची पहिल्यापासूनच बदलती. १९७१ मध्ये केन थॉम्पसनचा शेल, १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्नचा, मधल्या काळात बिल जॉयचा सी शेल आणि फोरडॉस आला त्याच १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश. डॉसच्या आधीच्या सीपी/एम या प्रणालीवरसुद्धा झेडसीपीआर नावाचा बदली कारकून होता आणि तो घडवणाऱ्यांत रिचर्ड कॉन नावाचे गृहस्थ होते. तिकडे रिचर्ड कॉन, इकडे रेक्स कॉन. मूळ कारकुनाला उठवण्याचं काम एकाच आडनावाच्या दोन माणसांकडे यावं, हा योग मला फार आवडतो. आपल्याकडे असतं तर कुलवृत्तान्तात त्यावर एक प्रकरण झालं असतं.

नव्या कारकुनाची पहिली ओळख झाली ती त्याच्या नकारातून. चुकीची आज्ञा दिली की हा ‘बॅड’ म्हणत नसे. ‘अननोन कमांड’ म्हणे, आणि पुढे अवतरणचिन्हांत तुम्ही लिहिलेला शब्द जसाच्या तसा परत दाखवे. म्हणजे ‘तुम्ही वाईट’ नाही. ‘हे जे तुम्ही म्हणालात ना, ते काही माझ्या ओळखीचं नाही बुवा’. आपण ‘डीआयआर’ऐवजी ‘डीरआय’ लिहिलंय हे तिथल्या तिथे दिसे. चूक तीच, नकार तोच, पण माणूस ओशाळत नसे. कचेरीत नकार कसा द्यावा याचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी या दोन वाक्यांचा धडा लावायला हरकत नाही.

स्मरणाचं तर विचारूच नका. वरचा बाण दाबत जा, मागची ओळ, तिच्या मागची, तिच्याही मागची. पहिली दोन अक्षरं लिहून बाण दाबला तर त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्याच जुन्या ओळी समोर येत. मायक्रोसॉफ्टनं आपल्या कारकुनाला डॉसकी नावाचा मदतनीस दिला तो १९९१ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर. फाइलीचं नाव अर्धवट लिहून टॅब दाबा, उरलेलं फोरडॉस लिहून देई. एक फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवायची असली तर जुन्याकडे आधी कॉपी करायची, मग मूळ पुसायची, असा द्राविडी प्राणायाम; ‘मूव्ह’ त्याच्याकडे सहाव्या आवृत्तीपर्यंत नव्हतंच. नव्याकडे ते पहिल्यापासून. ‘सिलेक्ट’ म्हटलं की फाइलींची यादी उघडे आणि त्यातल्या हव्या तेवढ्यांवर खुणा करता येत. ‘एक्सेप्ट’ म्हटलं की ‘एवढ्या सोडून बाकीच्यांवर’ काम होई. घर आवरताना ‘पत्रिका आणि विजेची बिलं सोडून बाकी रद्दीत’ असं आपण म्हणतोच की. ते संगणकाला सांगता येतं हे कळल्यावर मला त्याच्याशी बोलावंसं वाटू लागलं.

पण माझा जीव जडला तो ‘डिस्क्राइब’ या आज्ञेवर. त्याचं कारण समजायला डॉसमधल्या नामकरणाचा जाच आठवायला हवा. फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब, मग तीन अक्षरांचं शेपूट. आठाहून जास्त लिहिलंत तर कमांड.कॉम हूं की चूं न करता पुढची छाटून टाके. आता मराठी नावं रोमन लिपीत लिहायची म्हणजे स्वरांची खिरापत वाटतच लिहावी लागतात. ‘वाढदिवस’ लिहायला गेलं की आठव्या अक्षरावर ‘वाढदिवा’ होऊन थांबे. ‘जमाखर्च’चा ‘जमाखार’. ‘सत्यनारायण’ ‘सत्यनार’पाशी अडे, प्रसादापर्यंत पोचतच नसे. डीटीपीच्या दुकानांत ‘लग्नपत्रिका’ नावाच्या फाइली डिस्कवर ‘लग्नपात’ म्हणून नांदत. ‘लग्नपत्रिकावधू’ आणि ‘लग्नपत्रिकावर’ अशी लांबलचक नावं देऊन दोन फाइली केल्या, तर दोन्हींची छाटणी ‘लग्नपात’लाच होई आणि दुसरी पहिलीवर बसे. मुहूर्ताआधीच दोन्ही घराणी एक.

पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड ज्या यंत्रात बसवलेलं असे, त्याच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटत, आणि ती पहिल्यांदा पाहताना भल्याभल्यांना गहिवरून येई. पण कार्ड अर्थातच सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं. बाकीच्यांनी ‘लग्नपात’वरच संसार केला.

‘डिस्क्राइब’ या आज्ञेनं प्रत्येक फाइलीच्या नावापुढे एक छोटं वर्णन लिहिता येई. सुरुवातीला चाळीस अक्षरांचं. आठ अक्षरांत गुदमरलेल्या माणसाला चाळीस म्हणजे अंगण. ‘जमाखार’ या नावापुढे रोमन लिपीत का होईना, पण ‘गणपती वर्गणी, तिसरा मजला बाकी’ असं लिहिता आलं. यादी मागितली की नावांबरोबर ही वर्णनंही येत. फाइल दुसरीकडे हलवली की वर्णन तिच्यामागून जाई. ही सगळी वर्णनं फोरडॉस प्रत्येक डिरेक्टरीत एका लपवलेल्या फाइलीत ठेवी. त्या फाइलीचं नाव ‘डिस्क्रिप्शन’ या इंग्रजी शब्दाचेच दोन तुकडे करून ठेवलेलं: पहिली आठ अक्षरं टिंबाच्या अलीकडे, उरलेली तीन पलीकडे. अकरा अक्षरांचा शब्द अकरा घरांत नेमका बसला. ज्या नियमानं आपल्या सत्यनारायणाचे हाल केले, त्याच नियमात हा शब्द एकही अक्षर न गमावता जाऊन बसला, हे पाहून कौतुकही वाटलं आणि किंचित पोटातही दुखलं.

मग ‘एलियस’. एखाद्या आज्ञेला आपण आपलं नाव द्यायचं. डीआयआर म्हणजे काय ते कळायला डिरेक्टरी हा शब्द आठवावा लागतो. त्याऐवजी ‘बघ’ असं रोमन लिपीत लिहिलं आणि यादी आली. पुसण्याच्या आज्ञेला ‘काढ’ नाव दिलं, आणि काढण्याआधी प्रत्येक वेळी विचारायची अट तिच्यात घालून ठेवली. एका डिरेक्टरीतून थेट दोन पायऱ्या वर जायला तीन टिंबं पुरत. एका ओळीत दोन-तीन कामं सांगता येत. हळूहळू अशी अवस्था आली की माझ्या यंत्रावर दुसऱ्या कुणाला काम करता येईना. एकदा शेजारचा मुलगा प्रोजेक्ट टाइप करायला आला, थोडा वेळ बसला आणि म्हणाला, “काका, हे डॉस नाहीये. हे तुमचं कायतरी घरचंय.” मी त्याला चहा दिला. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नोकरीत मिळालं नव्हतं.

उलट बाजूही होती. आपल्या कारकुनाची सवय लागलेला माणूस दुसऱ्याच्या कचेरीत गेला की त्याची फजिती ठरलेली. दुसऱ्याच्या यंत्रावर मी सवयीनं वरचा बाण दाबायचो आणि काही व्हायचं नाही. ‘बघ’ लिहिलं की पुन्हा तेच ‘बॅड’. यजमान म्हणायचे, “तुम्हाला संगणक येतो म्हणाला होतात ना?” अशा वेळी आमच्या घरचा कारकून वेगळा आहे, हे समजावत बसण्यात अर्थ नसतो.

आणि नव्या कारकुनाचं सगळंच मला आवडलं असंही नाही. फाइलींच्या प्रकाराप्रमाणे यादी रंगीत करायची सोय होती. कार्यक्रम हिरवे, मजकूर पिवळा, आणखी काही तांबडं. ती मी कधी सुरू केली नाही. काळ्यावर करडं हाच डॉसचा रंग आहे, बाकी सगळा उत्सवी कारभार. बॅच फाइली लिहिण्यासाठी त्याच्याकडे इतकी अवजारं होती की त्यांचं मॅन्युअल वाचताना मूळ काम काय होतं याचा विसर पडे. ‘बीप’ या आज्ञेला सूर आणि अवधी सांगितला की यंत्राच्या पोटातला छोटा स्पीकर तो सूर काढी. त्यावर आरती वाजवण्याचे प्रयोग झाले, त्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं.

जागेच्या बाबतीत मात्र या बहुगुणी माणसानं आपल्या जुन्या कारकुनाला लाजवलं. डॉसमध्ये सगळ्यांनी मिळून ६४० किलोबाइटांत राहायचं, हा चाळीचा नियम. एवढी कामं करणारा माणूस खिडकीवर आणला तर तो खोली अडवणार, अशी भीती साहजिक होती. पण फोरडॉस काम नसताना स्वतःला उचलून वरच्या वाढीव मेमरीत, नाहीतर डिस्कवर ठेवी. सोय नीट केली असली तर खालच्या खोलीत जेमतेम काहीशे बाइटांपुरता टेकून राही. आणि परत येताना फ्लॉपी घाला म्हणून आपल्याला पळवत नसे.

त्याची कीर्ती झाली, पण ती बऱ्याच जणांना दुसऱ्याच नावानं ठाऊक आहे. नॉर्टन युटिलिटीजच्या सहाव्या आवृत्तीत एनडॉस नावाचा शेल येत असे. तो फोरडॉसच होता, परवाना घेऊन नावाची पाटी बदललेला. ज्यांच्याकडे नॉर्टनच्या फ्लॉप्या होत्या त्यांच्या कपाटात हा कारकून कामावर यायला तयार बसला होता. त्यातल्या बहुतेकांनी डिस्क डॉक्टर तेवढा वापरला आणि बाकीच्या फ्लॉप्यांना वाळवी लागू दिली.

पुढे विंडोज आलं, माउस आला, आणि खिडकीवर माणूसच नको असा जमाना झाला. आता कपाटं उघडी, आपली फाइल आपण शोधायची, चित्रावर बोट ठेवायचं. हे सोपं आहे, मी नाकारत नाही. पण बोट दाखवणं आणि बोलणं यांत फरक आहे. ‘तिसऱ्या मजल्याच्या पावत्या सोडून मागच्या वर्षीचं सगळं हलव’ हे बोटानं दाखवायला अर्धा तास लागतो. सांगायला एक ओळ पुरते. आमच्या मुलीला हे पटत नाही. “बाबा, एवढी वाक्यं पाठ कोण करणार?” असं ती विचारते आणि मोबाइलवरच्या त्या बाईंना तोंडी आज्ञा देते. बाईंना कळलं नाही की त्या दिलगिरी व्यक्त करतात. काय कळलं नाही ते मात्र सांगत नाहीत. म्हणजे ‘बॅड कमांड’च, फक्त आवाज गोड.

फोरडॉसला मात्र कुणी सेवानिवृत्त केलेलं नाही. त्याची भावंडं फोरओएसटू आणि फोरएनटी पुढे ओएस/२ आणि विंडोज एनटीवर गेली; त्याच घराण्याचा टेक कमांड आजच्या विंडोजवर चालतो. खुद्द फोरडॉस या शतकाच्या पहिल्या दशकात मोफत झाला आणि त्याचा मूळ कोडही खुला झाला. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला फ्रीडॉस हा मोफत डॉस आजही मिळतो, नव्या आवृत्त्या निघतात, आणि अडगळीतल्या जुन्या लॅपटॉपवर तो मजेत चालतो. त्याचा स्वतःचा कारकून फ्रीकॉम, तोही वाईट नाही. पण तिथे कॉन्फिग.सिसच्या जागी एफडीकॉन्फिग.सिस नावाची फाइल असते. ती उघडा, ‘शेल’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिची एक प्रत आधी काढून ठेवा आणि मग फोरडॉसचा पत्ता लिहा. नंतर मुद्दाम एखादी चुकीची आज्ञा देऊन बघा. नकार कसा देतात ते ऐकण्यासाठी तरी एवढं कराच.